मोठा मासा, मोठा घास

२६ जून, सकाळ

रूथॅनने ही वही आणून दिली. म्हणाली, माशांबद्दल मला जे जे सांगतोस ते आता यात सांगत जा. बायकोने नवऱ्याच्या छंदाला इतका पाठिंबा द्यावा, याला भाग्य लागतं.

तर पहिली नोंद. ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी नोकाटी तलावावर आमच्या क्लबची जोडी-स्पर्धा आहे. एका बोटीत दोघं, दुपारपर्यंत जास्तीत जास्त पाच बास मासे, ज्यांचं वजन भारी ते जिंकले. बक्षीस म्हणजे गर्टी. गर्टी हा फळीवर ठोकलेला, पेंढा भरलेला म्हातारा बास आहे. एक काचेचा डोळा कधीच गळून पडलाय. जिंकणाऱ्याने वर्षभर घरात टांगायची. मी आणि हॉलिस पेटवे तरणे होतो तेव्हापासून जोडीने उतरतोय, पण गर्टी आम्ही फक्त गेलन मूडीच्या बैठकीत पाहिलीय. नाताळात तो तिच्या गळ्यात लाल रिबन बांधतो आणि आम्हाला मुद्दाम जेवायला बोलावतो.

यंदा जिंकायचंच. कारण सप्टेंबरात हॉलिस अलाबामा सोडून ओहायोला लेकीकडे राहायला चाललाय. कायमचा. गुडघे गेलेत, घरात एकटा, लेक ऐकत नाही. परवा बोट धुताना सहज म्हणाला, जायच्या आधी ती एकडोळी म्हातारी एकदा हातात धरून बघायची होती. मी तिथल्या तिथे शब्द दिला. डेल्मर स्टॅग्जने शब्द दिला म्हणजे दिला.

बाकी तो जातोय याचं मला विशेष काही नाही. माणसं जातात.

२७ जून

योजना पक्की. माझा सिद्धांत साधा आहे: मोठा मासा, मोठा घास. दहा इंचांचं रबरी गांडूळ. गळाला चार इंचांचं लावून बसणारे लोक मला कळत नाहीत. एवढा मोठा तलाव, त्यात ते म्हणजे दर्यामे खसखस.

मिस अर्लीनच्या दुकानातून दहा इंची, जांभळ्या रंगाची, तीन पाकिटं आणली. मिस अर्लीन म्हणाली, डेल्मर, बाबा रे, या उन्हात ही गांडुळं तुझ्याशिवाय कोणी नेत नाही, मी फक्त तुझ्यासाठी मागवते. इतक्या गिऱ्हाइकांत माझ्या एकट्याची पारख तिच्या लक्षात आहे. बरं वाटलं.

१ जुलै

पहाटे तलावावर. बोटीत मी पुढे, हॉलिस मागे. ही आमची कायमची व्यवस्था. बोट माझी, मोटर माझी, निर्णय माझे. हॉलिस मला कॅप्टन म्हणतो. वयाने मोठा असून मान देतो, हे त्याचं मोठेपण.

हॉलिसला सहा मासे लागले. मला नाही. कारण उघड आहे. पुढे बसलेल्याचं गांडूळ पाण्यात आधी पडतं, मासे सावध होतात, मग मागच्याचं आयतं फावतं. हे मी त्याला समजावलं. तो म्हणाला, बरोबर आहे कॅप्टन, तू असाच त्यांना सावध करत राहा.

येताना त्याने पाण्यात बोट दाखवलं. वर वर पोहणारी चांदीसारखी माशांची पिल्लं, बोटभर लांबीची. म्हणाला, सध्या बासच्या ताटात हेच वाढलेलं आहे, आपणही याच मापाचं वाढावं. मी म्हटलं, रोज वरणभात खाणाऱ्यालाच कधी तरी मेजवानी हवी असते. त्याने टोपी पुढे ओढली. पटलं असावं.

४ जुलै

आज स्वातंत्र्यदिन, सगळ्या गावाची अंगणं मांस भाजण्याच्या धुराने भरलेली. आमच्याकडे बरगड्या भाजल्या, उकडलेले शेंगदाणे, कलिंगड. गेलन मूडी न बोलावता आला. मी आडून आडून विचारलं की सध्या काय मापाचं लावतोस. त्याने इकडे तिकडे बघितलं, आवाज खाली आणला आणि म्हणाला, कोणाला सांगू नकोस डेल्मर, दहाच्या खाली मी येतच नाही, बाजारात बारा इंची मिळालं तर तेही घे. हे म्हणताना हसू दाबत होता. आपलं गुपित फुटल्याचं ओशाळं हसू होतं ते.

म्हणजे खुद्द विजेता माझ्याच मताचा आहे. रूथॅनला सांगितलं. ती म्हणाली, गेलन तुला खरं सांगेल त्या दिवशी कोंबडीला दात येतील. बायकांना पुरुषांमधला विश्वास कळत नाही.

९ जुलै

हॉलिसचा वाढदिवस. दरवर्षीप्रमाणे दहा इंची गांडुळांचं पाकीट भेट दिलं. त्याला इतका आनंद होतो की तोंडातून शब्द फुटत नाही. पाकीट नेहमीसारखं लगेच बोटीतल्या मागच्या खुर्चीखालच्या कप्प्यात ठेवून दिलं त्याने. जपणारा माणूस आहे.

रूथॅनने पीचचं सारण भरून भट्टीत भाजलेला गोड ‘पाय’ केला होता. हॉलिसने तीनदा घेतला आणि म्हणाला, ओहायोत असले पीच नसतात म्हणे. मी पंखा जोरात केला.

१३ जुलै

आज पाणी चहाएवढं गरम. दहा इंचीला एकही मासा नाही. हॉलिसला पाच. सिद्धांत चुकलेला नाही, ऋतू चुकलाय. तरी शास्त्रीय वृत्तीचा माणूस प्रयोगाला भीत नाही. उद्यापासून एकदम उलटं टोक. दोन इंची.

१४ जुलै

दोन इंचीला तळहाताएवढे ब्रीम मासे लागले. बास नव्हेच. हे टोळकं नुसतं शेपट्या कुरतडतं. एक पाकीट संपलं, सगळी गांडुळं बिनशेपटीची. हॉलिस म्हणाला, लेका, दहा आणि दोन यांच्यामध्ये पण आकडे असतात. मध्यममार्ग हा भेकडांचा मार्ग आहे, असं मी त्याला सांगितलं.

१५ जुलै

रूथॅन हल्ली पहाटे उठून मिस अर्लीनबरोबर जाते. चर्चच्या स्वयंपाकघरात पीचचं लोणचं घालतात म्हणे, गरिबांसाठी. बरं झालं. मी तलावावर असलो की तिला घर खायला उठत असणार. आज नाक भाजल्यासारखं लाल करून आली. चर्चवाल्यांनी त्या स्वयंपाकघराला पंखा तरी बसवावा.

१८ जुलै

आज डोक्यात वीज चमकली. माझा प्रश्न मापाचा नाहीच, व्यवस्थेचा आहे. पाकिटं कुठेही पडलेली, हवं ते माप वेळेवर सापडत नाही, मासा काय वाट बघतो? उपाय: एकच मोठी पेटी. तीत कप्पे. दोन इंच, तीन, चार, असं दहापर्यंत. झाकण उघडलं की सैन्य रांगेत उभं. मासा काय मागेल ते माप तयार.

१९ जुलै, दुपार

व्यवस्था पूर्ण. सगळी पाकिटं फोडली. साधी रबरी गांडुळं, मिठातली गांडुळं, आणि ती नव्या जातीची, ताणली की हातभर लांब होणारी, जी टपालाने मागवली होती. कंपनी बघितली नाही, जात बघितली नाही, फक्त पट्टी लावली आणि मापाच्या कप्प्यात टाकलं. कप्प्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. रिकामी पाकिटं कचरागाडीत. मागचे दोर कापले.

हॉलिसला दाखवलं. त्याने एकेक चिठ्ठी वाचली. मग म्हणाला, कॅप्टन, ज्याचं त्याचं पाकीट असतं ते उगाच नसतं, या पोरांचं एकमेकांशी पटत नाही, आपापल्या घरात राहू दे. मी हसलो. म्हटलं, रबरात कसले आलेत पंथ, बाप्टिस्ट आणि मेथडिस्ट? सगळे एकाच पेटीत सुखाने नांदतील. तो म्हणाला, बरं.

म्हातारा झालाय. बदल सोसत नाही.

२४ जुलै

घरामागच्या धक्क्यावर बसून रूथॅनने बास धरला. साधारण चार पौंडांचा. गळाला काय होतं? माझ्याच कचऱ्यातलं डोकं कुरतडलेलं दहा इंची गांडूळ, अर्ध्यात कापलेलं. मी तिला समजावलं की याला योगायोग म्हणतात, आंधळ्यालाही कधी कधी वाट सापडते. तिने मासा परत सोडला, हात धुतले आणि टोमॅटोचं सँडविच केलं. फक्त स्वतःसाठी.

३० जुलै

ओहायोचा ट्रक येऊन हॉलिसचं सामान घेऊन गेला. जावयाने सगळं भरलं, मासेमारीच्या पेट्यासुद्धा. हॉलिसकडे आता एक रॉड, एक चाकू आणि झोपायला खाट. तो जरा काळजीत दिसला. मी म्हटलं, अरे, तुझ्या पेट्यांचं काय घेऊन बसलास, आपली पेटी आहे ना. दोन ते दहा, काय हवं ते माग.

तेव्हा तो म्हणाला, डेल्मर, एक मागतो. स्पर्धेच्या दिवशी माप मी ठरवणार आणि दोघांनी तेच लावायचं. इतक्या वर्षांत काही मागितलं नाही, हे एवढं दे.

हे मात्र खरं. त्याने कधी काही मागितलं नाही. दिला शब्द.

त्याचं रिकामं घर बघून आलो तर जेवण गेलं नाही. बहुतेक दुपारच्या ग्रेव्हीने पित्त झालं.

३ ऑगस्ट

उन्हाने कहर केलाय. ट्रकमधल्या सीटबेल्टच्या बकलाचा चटका बसून हाताला फोड आला. पेटी बोटीच्या कप्प्यात ठेवून कुलूप लावलं, बोट अंगणात. आता शनिवारपर्यंत उघडायची नाही. तयारी झाल्यावर सारखं उघडून बघणं हे कच्च्या माणसाचं लक्षण.

७ ऑगस्ट, संध्याकाळ

उद्या स्पर्धा. बैठकीतलं रूथॅनच्या मावशीचं चित्र काढलं, तिथे मोठा खिळा ठोकला. गर्टीची लांबी अंदाजाने धरली. आधी सहा महिने ती हॉलिसकडे ओहायोला राहील, मग माझ्याकडे, असं मनाशी ठरवलं. छोटं भाषणही तयार आहे. गेलनचं नाव त्यात मोठ्या मनाने घेतलंय.

रूथॅनने खिळ्याकडे बघितलं आणि म्हणाली, जागा चांगली निवडलीस. कित्येक वर्षांत तिने माझ्या कामाचं असं कौतुक केलं नव्हतं. तीही उद्या पहाटेच बाहेर पडणार. लोणच्याचा शेवटचा दिवस.

घोडामैदान जवळ आहे.

८ ऑगस्ट

जे घडलं ते क्रमाने लिहितो.

पहाटे बोटी सुटल्या. आम्ही आमच्या जागेवर, बुडालेल्या जुन्या रस्त्याच्या कडेला. हॉलिस म्हणाला, चार इंची काढ कॅप्टन. मी कुलूप काढलं, झाकण उघडलं.

पेटीत गांडुळं नव्हती. एक गोळा होता. दोनपासून दहापर्यंत सगळी मापं एकमेकांत विरघळून एकजीव झालेली. रंग मार लागल्यावर चार दिवसांनी अंगावर दिसतो तो. कप्प्यांच्या भिंती वाकून वितळलेल्या, खाली चिकट तेल. चिठ्ठ्या मात्र शाबूत होत्या. माझं अक्षर सुंदर आहे.

हॉलिसचा शेवटचा शनिवार, त्याच्या सगळ्या पेट्या ओहायोत, आणि माझ्या हातात हा हलवा. वाटलं, तो आता बोलेल. इतक्या वर्षांचं एकदम बोलेल. बोलला तर ऐकून घ्यायचं ठरवलं होतं मी.

तो हसायला लागला. असा हसला की बोट हलली आणि त्याला गुडघा धरून खाली बसावं लागलं. डोळे पुसत म्हणाला, नांदतायत की रे सुखाने.

मग त्याने चाकू काढला आणि गोळ्यातून तुकडे कापायला सुरुवात केली. बोटभर लांबीचे, एका बाजूला निमुळते. मलाही एक दिला. आणि मासे लागायला लागले. त्याला एक, दोन, तीन. मग मलाही एक लागला, बास, खराखुरा, अडीच पौंडांचा. चार झाले. पाचवा मिळाला की गर्टी आमची, असं हॉलिसचा चेहराच सांगत होता.

तेवढ्यात समोर पाणी फुटलं. ओंडक्याएवढा मासा. अशा माशापुढे बोटभर तुकडा टाकणं मला पटेना. हॉलिसची माझ्याकडे पाठ होती. मी गोळ्यातून चांगली लांब पट्टी कापली. दहा इंच, थोडी जास्तच. शब्द मोडला असं मी म्हणणार नाही. शब्द जरा लांबवला.

पट्टी पाण्याखालच्या बुंध्यात अडकली. ओढली, बोट फिरवली, वल्ह्याने ढोसलं. दोरी नवी होती, तुटेना. हॉलिसने आपला रॉड खाली ठेवला आणि मला मदत करत बसला. सुटली तेव्हा परतायची वेळ झाली होती. मला म्हणाला, किती इंच होतं कॅप्टन? मी म्हटलं, पट्टी नव्हती जवळ. त्याने मान हलवली. बस्स, एवढंच.

चार माशांवर आमचा तिसरा नंबर. गेलन दुसरा. त्याच्या गळाला लटकत होतं ते गांडूळ माझ्या बोटाएवढंसुद्धा नव्हतं. मी त्याच्याकडे बघितलं तर कोंबडीसारखा मान वळवून उभा.

वजनकाट्याजवळ रूथॅन दिसली. मला वाटलं, सँडविच घेऊन आली असेल. तिच्यामागे मिस अर्लीन, हातात ओली पिशवी. पिशवीत पाच बास.

लोणचं वगैरे काही नव्हतंच. दोघी महिनाभर रोज पहाटे मिस अर्लीनच्या जुन्या बोटीतून तलावावर जात होत्या. माझ्या कचऱ्यातली शेपूट तुटकी, डोकं कुरतडलेली गांडुळं त्यांनी वापरली. ब्रीमनी कुरतडून माप बरोबर करून दिलं होतं, असं मिस अर्लीन सगळ्यांना सांगत होती.

भाषण खिशात तसंच राहिलं. खिशालाही ते तेल लागलंय.

९ ऑगस्ट, रविवार

गर्टी माझ्या खिळ्यावर आहे. थोडक्यात, मी दिलेला शब्द पाळला गेला. कोणी आणली हा तपशील.

चर्चनंतर हॉलिस जेवायला आला. रूथॅनने गर्टी खाली काढून त्याच्या हातात दिली. त्याने ती बाळासारखी धरली, रिकाम्या डोळ्यावरची धूळ अंगठ्याने पुसली आणि म्हणाला, एवढीच होय, मला वाटायचं बरीच मोठी असेल. मग खूप वेळ तिला खाली ठेवलंच नाही. फोटो मी काढला. त्यात गर्टी आहे, हॉलिस हनुवटीपर्यंत आहे, आणि एका कोपऱ्यात माझं बोट. हॉलिस म्हणाला, झकास, सगळे आले.

३ सप्टेंबर

हॉलिस गेला. लेक न्यायला आली होती. गोळ्याचा एक तुकडा मागून घेतला त्याने, गाडीत समोर ठेवायला म्हणे. निघताना कॅप्टन म्हणाला नाही. डेल्मर, म्हणाला, आणि पाठीवर थाप मारली. गाडी वळेपर्यंत मी हात हलवला. नंतरही थोडा वेळ हलवला.

मला वाईट वाटतंय. ही वही दुसरं कोणी वाचत नाही म्हणून लिहितो.

५ सप्टेंबर

रूथॅनला विचारलं की पुढच्या वर्षी माझी जोडीदार होशील का. म्हणाली, मला जोडीदार आहे. पण अधल्यामधल्या दिवशी येईन, एका अटीवर, तू मागे बसायचं. विचार करून सांगतो म्हटलं.

६ सप्टेंबर

मागची खुर्ची कशी काय वाटते ते बघावं म्हणून एकटाच तलावावर गेलो. खुर्ची वाईट नाही. हॉलिसच्या बुडाचा खळगा पडलाय, त्यात बरोबर बसलो. चाकू ठेवायला खालचा कप्पा उघडला.

आत दहा इंची गांडुळांची पाकिटं होती. नीट एकावर एक रचलेली, मी प्रत्येक वाढदिवसाला दिलेली, अगदी खालची पिवळी पडलेली. एकही फोडलेलं नाही. आणि एकही वितळलेलं नाही. आपापल्या घरात सुखाने.

म्हणजे त्या शनिवारी पेटी उघडली तेव्हा ही सगळी त्याच्या खुर्चीखाली होती. शाबूत. हॉलिसला ते पक्कं माहीत होतं. तरी तो गोळा कापत बसला, आणि मला कळू दिलं नाही.

मग वरचं पाकीट फोडलं, एक काढलं, आणि चाकूने बोटभर लांबीचा तुकडा कापला.

दुसऱ्या फेकीला बास लागला. छोटाच, पण बास. कॅप्टनला दाखवायला वर धरला. पुढच्या खुर्चीत कोणी नव्हतं.